इंजिनाची टोपी

गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला मी मोटारीचा सायलेन्सर बसवून घेतला. ही माझी चूक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आजारी वडिलांची झोपमोड होऊ नये एवढाच माझा हेतू होता. आणि माझा हेतू चांगला असला की घरातली माणसं का धास्तावतात, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

कागलपासून जवळच दूधगंगेच्या काठाला आमचं रान आहे. वर रस्त्याकडेला घर, खाली नदी, आणि मधे ऊस. शेती दादा करतो. मी कोल्हापुरात राहतो, पुस्तकं लिहितो, आणि रविवारी गावाकडं जाऊन सल्ले देतो. माझं एक पुस्तक पुतणीनं आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या पानावर आबांना गाढ झोप लागली. घरात कुणाला झोप येत नसली की अजून त्या पुस्तकाची आठवण काढतात.

आबांच्या उमेदीच्या काळात नदीकाठी ओळीनं डिझेल इंजिनं असायची. सगळी एकाच जातीची, जड, बिडाची, एका सिलिंडरची. पण आवाज प्रत्येकाचा वेगळा. प्रत्येकानं आपल्या इंजिनाच्या धुराड्यावर काही ना काही बसवलेलं असायचं. कुणी तेलाचा डबा उपडा घालायचा, कुणी गिरणीवाल्याकडून पितळी वाटी आणायचा. आबांनी फौंड्रीत कामाला असलेल्या आपल्या दोस्ताकडून एक बिडाची टोपी ओतून घेतली होती. पेल्याएवढी, घंटेच्या आकाराची. धुराड्याच्या तोंडाशी ती एका खिळीवर सैल बसायची. इंजिनाच्या प्रत्येक धक्क्याला उचलायची आणि पडायची. त्यातून जो कुक्, कुक्, कुक् असा आवाज निघायचा तो नदीपलीकडच्या गावातही ओळखू यायचा. पलीकडं रानात तण भांगलायला बसलेल्या बायका मान वर न करता म्हणायच्या, आबाचं पाणी सुरू झालं.

आबांचा एक नेम होता. सकाळी काठावर जायचं, हँडल मारून इंजिन चालू करायचं, पाण्याला वाट करून द्यायची आणि घरी यायचं. हातपाय धुऊन घराच्या पुढच्या सोप्यात बसायचं, पण ताटाला हात लावायचा नाही. कान खाली नदीकडं. इंजिनाचा आवाज एका लयीत लागला की मग भाकरी मोडायची. आधी नाही. आवाजात जरा खोट वाटली तर भाकरी तशीच झाकून पुन्हा काठावर. आई म्हणायची, “माज्याआदी त्या इंजानासंगं लगीन लागलंय ह्यांचं.”

पुढं काठावर विजेच्या मोटारी आल्या. आमचीही आली. तिचा स्टार्टर आबांनी हट्टानं आपल्या खोलीतल्या भिंतीवर बसवून घेतला. बटण दाबलं की खट् व्हायचं आणि पेटी घुंईं करत राहायची. ती घुंई ऐकून ते जेवायचे. इंजिन काठावरच्या खोलीत गोणपाटाखाली पडून राहिलं. त्या वेळी मी एक काम केलं. टोपी काढून कोल्हापूरला घेऊन गेलो. ती तळाशी गोल, त्यामुळं टेबलावर उभी राहीना, तर सुताराकडून तिला सागवानी बैठक करून घेतली आणि तीत पेनं ठेवायला लागलो. घरी येणाऱ्यांना मी सांगायचो, ही आमच्या मातीची खूण. लोक मान डोलवायचे. मीही डोलवायचो.

गॅसचं खूळ माझंच. हमरस्त्याच्या पंपावर सीएनजीच्या रिक्षांची रांग बघून डोक्यात आलं की रिक्षा चालते तर आपलं इंजिन का नाही. डिझेल परवडत नाही म्हणून ते बसलं. गॅसवर घेतलं तर कमी पिईल, धूर करणार नाही. दादा म्हणाला, “तुला काम न्हाय व्हय दुसरं?” नव्हतंच. दिवाळीनंतर मी इंजिन ट्रॉलीत घालून उचगावला एका मिस्त्रीकडं पोचवलं.

हा मिस्त्री बोलायला लागला की त्याच्या कारखान्यातली लेथ मशिनंसुद्धा थांबून ऐकत असावीत. त्याच्या आजोबांनी म्हणे संस्थानच्या काळात मोटारी दुरुस्त केल्या होत्या. माझ्या पोटावर हात ठेवून त्यानं मला समजावलं. “पावणं, डिझेल कसं, दाबून पेटतंय. गॅसला ठिणगी लागती. म्हंजी पिस्टनचं डोकं जरा तासायचं, दाब उतरवायचा. पिचकारीच्या जागी प्लग. आन् हवा-गॅस मिसळायला ह्ये भांडं. पाण्याचा भार वाढला की हितनं गॅस वाढंल, भार उतरला की आपसूक कमी. तुमच्यागत काम नसताना खात न्हाय ह्ये.”

त्याचं काम रेंगाळत चाललं. मधे संक्रांत आली, आणि संक्रांतीच्या सुमाराला आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं एकेका शब्दावर आलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं खाट खिडकीकडं वळवायला लावली. खिडकीतून ऊस दिसायचा आणि उसाच्या वर काठावरच्या उंबराचा शेंडा. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: पोटात अन्न जात राहिलं पाहिजे आणि झोप झाली पाहिजे. पहिली गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवली. दुसरी मी.

स्टार्टर त्यांच्या उशालाच होता. दादा रोज त्यांच्यासमोर बटण दाबायचा, पेटी घुंई करायची, आणि वहिनी दुधात कुस्करलेली भाकरी चमच्यानं भरवायची. असं चैत्रापर्यंत निभलं. मग रानाच्या कडेचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. काठावरच्या सगळ्याच मोटारी बंद पडल्या. नवा डीपी कधी मिळेल याला रोज वेगळं उत्तर. कडक ऊन, उसाची पानं दुपारी सुरळी करायची. आबा खिडकीतून ते बघायचे आणि तोंडापुढचा चमचा डाव्या हातानं बाजूला सारायचे.

“पानी?” एवढंच विचारायचे.

“इंजान येतंय की आबा,” दादा म्हणायचा. “आपलंच इंजान. गॅसवर केलंय. दोन दिसांत येतंय.”

इंजिन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. दादानं मला फोन करून तेच सांगितलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात माझ्या खुळाबद्दल आदर होता. मी लगेच उचगावला जाऊन मिस्त्रीच्या मागं बसलो. इंजिन तयार झालं होतं. त्यानं चालू करून दाखवलं. धूर नाही, पण उघड्या धुराड्यातून आवाज मात्र कान फोडणारा. मला डॉक्टर आठवले. मी विचारलं, ह्याचा आवाज कमी होईल का?

मिस्त्रीला कुणी आव्हान दिलं की तो आधी चहा मागवतो. चहा झाल्यावर त्यानं अडगळीतून एका जुन्या मोटारीचा सायलेन्सर काढला, त्याच्या आत अजून एक नळी कोंबली आणि धुराड्याला जोडला. पुन्हा चालू केलं. इंजिन नुसतं थरथरत होतं. हात लावला तरच कळावं.

“पावणं,” तो म्हणाला, “आता ह्ये इंजान न्हाय ऱ्हायलं. सासरी आल्याली नवी नवरी हाय. घरात हाय का न्हाय कळायचं न्हाय.”

मी खूश होऊन त्याला मिठी मारली. सदऱ्याला ग्रीस लागलं.

इंजिन ट्रॉलीवरून काठावर आलं. त्याच्या चौकटीलाच गॅसची टाकी पक्की बसवलेली. टाकी रिकामी झाली की सगळा गाडाच ट्रॅक्टरला जोडून हमरस्त्यावरच्या पंपावर न्यायचा. पंपावरचा माणूस पहिल्यांदा हसला, मग टाकीचे कागद बघून गॅस भरून दिला. सकाळी दादानं नदीत पाइप सोडला. पाइपाच्या टोकाला पाणी मागं उतरू न देणारी झडप असते, तिला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात. ती नीट बसली का बघून त्यानं पंपात पाणी ओतलं आणि हँडल मला दिलं. “तुजं खूळ हाय, तूच मार.”

इंजिन लागलं. क्षणभर मला वाटलं लागलंच नाही. मग पट्टा फिरताना दिसला, आणि रानाच्या त्या टोकाला, जिथं पाइप संपतो त्या चेंबरमधून, पाणी उसळलं. दादा पळत तिकडं गेला, सरीत उतरला आणि नुसता पाण्यात उभा राहिला. तापलेल्या मातीचा वास सुटला होता. भार वाढेल तसं इंजिन स्वतःच गॅस ओढत होतं, भार उतरला की सैल पडत होतं. मिस्त्रीनं सांगितलं त्यातलं अक्षर खोटं नव्हतं. टाकीवरचा काटा हलता हलत नव्हता. काठावर ना धूर, ना आवाज. उंबरावरची साळुंकीसुद्धा उडाली नाही.

मी घरी आलो तेव्हा वहिनी वाटी घेऊन खाटेशी बसली होती. आई पायाशी.

“आबा, सुरू झालं,” मी म्हणालो. “पाणी चाललंय.”

आबांनी खिडकीकडं कान केला. बराच वेळ. मग नजर उंबराच्या शेंड्यावर गेली, जिथं पूर्वी धुराची काळी रेघ दिसायची. तिथं स्वच्छ आभाळ होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तोंड भिंतीकडं केलं.

वहिनीनं चमचा पुढं केला. त्यांनी दात आवळून घेतले.

त्यांच्या मनात काय आलं असेल हे आम्हाला लगेच समजायला हवं होतं. पण घरातले सगळे त्या दिवशी पाण्याच्या आनंदात होते, आणि मी माझ्या कौतुकाच्या. संध्याकाळीही त्यांनी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचे दोन घोट, बस्स. आई त्यांच्याजवळ वाकून विचारत राहिली, तेव्हा एकेक शब्द जोडून त्यांनी सांगितलं. ऊस वाळला. इंजान इकलं. पोरं खोटं बोलत्यात.

दादा हे ऐकून परसात जाऊन उभा राहिला. आयुष्यात बापाशी तो कधी खोटं बोलला नव्हता. मी बोललो होतो, पण त्याचं मला कुणी विचारलं नाही.

मग मी पुरावे गोळा करायला लागलो. आधी फोनवर चित्रीकरण करून आणलं. आबांना जवळचं अंधुक दिसायचं. फोनमध्ये एक इंजिन हलताना दिसलं, तेही मुकं. ते म्हणाले, “शिनिमा.” मग सरीतलं ओलं ढेकूळ आणून त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी कुस्करलं, हुंगलं, आणि दाराबाहेरच्या वृंदावनाकडं बोट केलं.

“तुळशीतलं.”

खाटेसकट काठावर नेऊ म्हटलं. दादा आणि मी खाटेचे पाय धरले तसं त्यांनी डाव्या हातानं खिडकीचा गज पकडला. तो हात सोडवणं आमच्यानं झालं नाही. “खांद्यावरनं,” ते म्हणाले, आणि पुढचा शब्द जमवायला त्यांना फार वेळ लागला, “येकदाच जाईन.”

आम्ही खाट खाली ठेवली. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. खिडकीपलीकडं त्यांचाच ऊस पाणी पीत उभा होता, पानं सरळ होत होती, आणि ज्याच्यासाठी पाणी द्यायचं तो माणूस त्याच खिडकीशी उपाशी पडला होता. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि ह्या वयात नळी म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

डॉक्टर गेल्यावर दादा अंगणात बसला होता. एकाएकी उठला आणि म्हणाला, “त्यास्नी ऐकू येत न्हाय.”

“कान चांगले आहेत त्यांचे,” मी म्हणालो.

“कान हायत रं. इंजानाला तोंड कुठं हाय? तू त्येचं तोंड दाबलंयस.”

पाना घेऊन तो काठावर गेला, मी मागोमाग. सायलेन्सर काढून त्यानं बांधावर फेकला. हँडल मारलं. इंजिन फाटक्या आवाजात ओरडायला लागलं. आम्ही तसेच घराकडं धावलो. आबांचे डोळे उघडले होते. भुवया जवळ आल्या होत्या. मी मनात म्हटलं, जमलं.

आबांनी विचारलं, “कुनाचं?”

दादा म्हणाला, “आपलं हाय आबा. आपलंच.”

“न्हाय.” आणि पुन्हा भिंत.

त्या वेळी आई दारात आली. ती फार बोलणारी नव्हे. म्हणाली, “आरं, टोपी कुठं हाय त्येची? टोपीबिगर त्ये आपलं कसं वाटंल?”

दादानं माझ्याकडं बघितलं. वहिनीनं बघितलं. टोपी कुठं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या टेबलावर त्यांनी ती पाहिली होती, आणि मोठ्या मनानं काही बोलले नव्हते.

मी गाडी काढली. कागल ते कोल्हापूर हा रस्ता मी किती वेळा केला असेल, पण त्या दुपारी तो संपेना. घरात शिरून टेबलावर टोपी उपडी केली. पेनं, एक मोडकी पट्टी, रबर, कुणाच्या तरी लग्नात मिळालेली लवंग असं सगळं बाहेर पडलं. सागवानी बैठक खिळ्यांनी पक्की केली होती, निघेना. शेवटी पायाखाली धरून फोडली. बायकोनं दारातून विचारलं, “मातीची खूण कुठं निघाली?” मी म्हटलं, “मातीत.”

परतताना मिस्त्रीला फोन केला. टोपी बसवली तर चालेल का? तो खवळला. “पावणं, वाट आडंल की धुराची. मी जीव लावून गॅस वाचिवला, आन् तुमी त्येच्या डोक्यावर बीड ठिवताय. जास्त खाईल त्ये.” हमरस्त्यावर माझी वाट बघत उभा असलेला दादा नुकताच गाडीत चढला होता, त्यानं फोन माझ्या हातातून घेतला. “खाऊ दे,” म्हणाला. “आबांनी खाल्लं म्हंजी बास.” पलीकडून मिस्त्री हळू म्हणाला, “खीळ सैल ठिवा. आवळू नगा.”

खीळ सैल ठेवली. धुराड्याला जुना सरळ पाइप लावून टोपी चढवली. ह्या वेळी हँडल दादानं मारलं आणि मला म्हणाला, “तू घरला जा. तितं कुनीतरी पायजे.”

मी उसाच्या कडेनं निघालो. निम्म्या वाटेत मागून आवाज आला. आधी अडखळत, तीनचार वेळा नुसतीच खडखड. मग टोपी उचलली गेली आणि पडली, उचलली गेली आणि पडली. कुक्, कुक्, कुक्. डिझेलपेक्षा थोडा पातळ, थोडा वरच्या पट्टीतला, पण तोच. मी उभाच राहिलो. लहानपणी ह्या आवाजावर आमची शाळेची वेळ ठरायची. पलीकडच्या काठावरून कुणीतरी म्हातारा हाळी देत होता. शब्द कळले नाहीत, पण त्यात ‘आबा’ होतं.

घरात शिरलो तर आबा उताणे पडून आढ्याकडं बघत होते. डाव्या हाताचं एक बोट खाटेच्या काठावर हळूहळू आपटत होतं, टोपीच्या बरोबर. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तो डोळा झटक्यानंतर तसाही गळायचा, म्हणून मी त्याचा अर्थ काढत नाही. ते ऐकत राहिले. आवाज एका लयीत लागेपर्यंत ऐकत राहिले. पूर्वी सोप्यात बसून ऐकायचे तसेच.

मग त्यांनी तोंड उघडलं. वहिनीनं घाईनं पुढं केलेला पहिला चमचा हनुवटीवर सांडला. दुसरा आत गेला. आई भिंतीला टेकून खाली बसली. वाटी संपेपर्यंत खोलीत फक्त चमच्याचा आवाज आणि लांबून ती टोपी.

पावसाळ्यात नदी चढायला लागली तेव्हा रीतीप्रमाणं काठावरची सगळी इंजिनं, मोटारी वर ओढून काढल्या. आमचंही काढलं. गौरी-गणपतीआधी आबा गेले, खांद्यावरून, एकदाच. पण तो उन्हाळा त्यांनी जेवून काढला. नवा डीपी आला तरी दादानं सकाळचं पाणी इंजिनावरच दिलं. गॅस थोडा जास्त जायचा. मिस्त्रीला आम्ही ते कधी सांगितलं नाही.

टोपी बसवली त्या दिवशी वाटी रिकामी झाल्यावर दादा काठावरून आला. हात काळे, चेहरा लहान पोरासारखा. आबांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, “टोपी कुटं हुती?”

दादानं डोळ्यानंच मला खुणावलं. शेवटी आईनंच सांगितलं, “ह्येच्या टेबलावर. पेनं ठिवत हुता त्यात.”

आबांनी मान माझ्याकडं वळवली. वाकड्या तोंडानं शब्द गोळा करत राहिले. वहिनी वाटी घेऊन उठली होती, तीही थांबली. झटक्यानंतर एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले.

“येवडी माजी टोपी नेलीस,” ते म्हणाले, “आन् येक पुस्तक धड लिवलं न्हाईस.”